हाडाचा कॅन्सर : उपचार संपले, आता टक्केवारी कशी वाचायची? (ऑस्टिओसार्कोमा, वय १६)

हळदबाजार

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे क्रिकेट आणि शेतीच्या धाग्यांवर असतो, पण आज घरचंच विचारायचंय.

भाची १६ वर्षांची, अकरावी सायन्स. मागच्या वर्षी उजव्या मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, गुडघ्याच्या जरा वर, ऑस्टिओसार्कोमा निघाला. आधी किमो, मग ऑपरेशन, मग परत किमो. पाय वाचला; गुडघा आणि मांडीच्या हाडाचा खालचा तुकडा काढून आत धातूचा सांधा बसवलाय. गणपतीत शेवटचा डोस झाला. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात 'नेक्रोसिस ९४ टक्के, कडा मोकळ्या' असं आहे. छातीचा सीटी सुरुवातीला स्वच्छ होता, परवाही स्वच्छ आला.

म्हणजे सगळं चांगलंच आहे. पण घरात आता नवीनच प्रकरण सुरू झालंय. ताईसमोर आकडा काढायचा नाही, ती उठून आत जाते. दाजी उलट, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नेटवर टक्के शोधत बसतात आणि दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन (कॅन्सर शोधायला सगळ्या अंगाचा स्कॅन) करायचा हट्ट धरलाय. आणि भाची परवा मला म्हणाली, "मामा, साठ-सत्तर टक्के जगतात म्हणे. म्हणजे मी साठ-सत्तर टक्के जगणार का?" मी हसण्यावारी नेलं, पण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत आमच्या मागे शंभर माणसं उभी असतात. तेव्हा जाणकारांनी सांगा: हे टक्के नक्की कुणाचे? पाच वर्षं झाली की सुटलो का? तो सांधा किती वर्षं टिकतो? तिला बारावीनंतर पुण्याला होस्टेलवर राहायचंय, ते जमेल का?

चहाबाज

मामा, काळजी करू नका. एवढ्यातून निभावली, पुढचंही निभावेल. माहितगार येतीलच, तोवर धागा वर आणतो.

लोखंडी_गुडघा

आयडी वाचून कळलंच असेल. माझंही तेच हाड, तीच जागा, फक्त डावा पाय. २००६ साली, दहावीच्या सुट्टीत. कबड्डीत लागलं असं सगळे समजत होते. दिवसा विशेष काही नसायचं, रात्री दुखायला लागलं की झोप लागायची नाही. गावात एकाने तेल लावून चोळून दिलं, त्याने सूज वाढली. नशीब असं की तालुक्याच्या एक्स-रेवाल्याने फोटो बघून वडिलांना बाजूला घेतलं आणि "थेट मुंबईला जा, मध्ये कुठे कापाकापी करू देऊ नका" असं सांगितलं. त्या माणसाला मी अजून दर दिवाळीला फोन करतो.

आता बँकेत आहे, लग्न झालंय, मुलगा पहिलीत जातो. तुमच्या सांध्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं डॉक्टर लोक देतील.

हा सांधा दाराच्या बिजागरीसारखा आहे. आत प्लॅस्टिकचा बुश असतो, तो वापराने झिजतो. माझा पहिला बुश नवव्या वर्षी बदलला, ते तसं छोटं ऑपरेशन होतं. त्यानंतर काही वर्षांनी मांडीच्या हाडात रोवलेली सळई सैल झाली, चालताना मांडीत कळ यायची, ते मात्र मोठं निघालं. मुलगी १६ ची आहे, म्हणजे ६० वर्षं चालवायचाय. एकाच सांध्यावर ते होणार नाही हे आत्ताच सगळ्यांनी मनाशी धरा. १०-१५ वर्षांत काही ना काही दुरुस्ती निघते. त्याला 'कॅन्सर परत आला' समजून घर डोक्यावर घेऊ नका. आमच्या आईने घेतलं होतं.

काय येत नाही: मांडी घालणं, उकिडवं बसणं, पळणं, उडी. पंगतीत मी खुर्ची मागतो, आधी लाज वाटायची. होस्टेलचं विचारलंत ना, तर पहिलं बघायचं ते मेस नाही, संडास. कमोड आहे का आणि खोली कितव्या मजल्यावर आहे. गाडी मी बिनागिअरची चालवतो.

खरी भीती इन्फेक्शनची. कुठे गळू झालं, दाढ किडली, लघवीला जळजळ होऊन ताप आला, तर 'बघू दोन दिवस' करायचं नाही. आत धातू असेल तर जंतू तिथे जाऊन बसतात आणि मग निघता निघत नाहीत. माझ्याबरोबर वॉर्डात असलेल्या एकाचा पाय कॅन्सरने नाही, इन्फेक्शनने गेला.

हळदबाजार

दादा, संडासाचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. खूप आभार.

डॉ_निवांत

मी अस्थिरोगतज्ज्ञ, निवृत्त. हाडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं स्वतः केलेली नाहीत, पण असे पेशंट आयुष्यभर पुढे पाठवत आलो आणि परत आल्यावर बघत आलो. जरा सविस्तर लिहितो.

१९७० च्या आधी या आजाराला एकच उपाय होता, पाय कापणे. गाठ पूर्ण निघायची, जखम भरायची आणि तरी १०० तले ८० हून जास्त पेशंट वर्ष-दोन वर्षांत फुफ्फुसाच्या आजाराने जायचे. कारण निदान होतं त्या दिवशीच बहुतेकांच्या फुफ्फुसात कॅन्सरच्या पेशी पोचलेल्या असतात, फक्त त्या कुठल्याच फोटोत दिसत नाहीत. तेव्हा पाय कापला काय, न कापला काय, त्या तिथेच. ७० च्या दशकात मेथोट्रेक्झेट आणि डॉक्सोरुबिसिन आली, मग सिस्प्लॅटिन, आयफॉस्फामाइड. हे चित्र किमोने बदललं. 'पाय वाचवला म्हणून धोका राहिला का' असं अनेक आईबाप विचारतात. कडा मोकळ्या असतील, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी नसतील, तर पाय वाचवलेल्यांत आणि कापलेल्यांत जगण्याच्या दृष्टीने फरक दिसत नाही.

आता टक्के. युरोप-अमेरिकेत मिळून युरामॉस नावाची मोठी चाचणी झाली. १७ देश, २,२६० पेशंट, २००५ ते २०११. त्यात पाच वर्षांनी जिवंत असलेले ७१ टक्के. आणि पाच वर्षांत आजार परत न आलेले, काहीच न घडलेले, ५४ टक्के. दाजींना हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा. मधले १७ टक्के कोण? त्यातले बहुतेक म्हणजे ज्यांचा आजार परत आला आणि तरी ते पाच वर्षांनी जिवंत आहेत. म्हणजे परत येणं वाईटच, पण परत आला की संपलं असंही नाही. फुफ्फुसात एक-दोन गाठी असतील आणि त्या पूर्ण काढता आल्या तर त्यातले काही कायमचे बरे होतात.

आता तुमच्या भाचीचं. हा ६०-७० चा आकडा निदानाच्या दिवशीच्या सगळ्या मुलांचा, सरसकट. त्यात सुरुवातीलाच फुफ्फुसात गाठी असलेले आहेत (त्यांच्यात पाच वर्षं काढणारे २०-३० टक्केच), कंबरेच्या हाडात गाठ असलेले आहेत, किमोला दाद न देणारे आहेत. भाची या तिन्हींत नाही. तो ९४ आकडा सांगतो की ऑपरेशनआधीच्या किमोने गाठीतला ९४ टक्के भाग मारला होता. ९० च्या वर गेलेल्यांत पाच वर्षांनी जिवंत असणारे पाऊणच्या आसपास किंवा जास्त. खाली राहिलेल्यांत निम्म्याच्या आसपास.

दुसरं म्हणजे ती टक्केवारी तारखेवर अवलंबून असते. आजार परत येतो तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. प्रत्येक स्वच्छ तपासणीनंतर मागचा आकडा शिळा होतो. तीन वर्षं काही न होता गेली की तिने ७० धरून बसायचं कारण नाही, तेव्हा तिचा आकडा बराच वर गेलेला असेल. पाच वर्षांनंतर परत येणारे फार थोडे. शून्य नाहीत, दहा वर्षांनी आलेलेही नोंदलेले आहेत, पण थोडे.

आणि भाचीला सांगा, ६०-७० टक्के कुणीच जगत नाही. हा आकडा घोळक्याचा असतो. तो औषध ठरवायला, दोन उपचारांत कुठला बरा ते बघायला लागतो. एकट्या माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही.

हळदबाजार

डॉक्टर, हा प्रतिसाद दाजींना जसाच्या तसा पाठवला. त्यांचा लगेच प्रश्न: ऑपरेशनआधीच्या किमोने गाठीतल्या पेशी ९० टक्क्यांहून कमी मेल्या, तर नंतर औषध वाढवून भरून काढता येत नाही का? आणि पेट स्कॅनचं काय?

डॉ_निवांत

पहिला प्रश्न हुशार आहे. नेमकं तेच युरामॉसमध्ये तपासलं. कमी प्रतिसादवाल्यांना आयफॉस्फामाइड आणि इटोपोसाइड जास्तीचं दिलं. त्रास वाढला, जगणं वाढलं नाही. म्हणून आता ते सरसकट देत नाहीत. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मेथोट्रेक्झेट वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन, आयफॉस्फामाइड देतात, कारण मोठ्या डोसचं मेथोट्रेक्झेट द्यायचं तर रक्तातली पातळी रोज मोजावी लागते, पेशंटला दाखल ठेवावं लागतं. ते कमी प्रतीचं म्हणून देतात असा गैरसमज नको.

पेट स्कॅनचा हट्ट सोडा. दर तीन महिन्यांनी एवढे किरणही नकोत आणि एवढा पैसाही. साधारण पद्धत अशी: पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, तिसऱ्या वर्षी चार महिन्यांनी, मग पाचव्यापर्यंत सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. डॉक्टरांनी हात लावून बघणं, पायाचा एक्स-रे, छातीचा फोटो किंवा सीटी. परळच्या टाटा हॉस्पिटलने हातापायाच्या सार्कोमाच्या (हाडामांसाच्या कॅन्सरच्या) ५०० पेशंटांवर यावरच एक चाचणी केली, २०१४ मध्ये छापून आली. छातीच्या साध्या एक्स-रेवर लक्ष ठेवलेले आणि सीटीवर ठेवलेले यांच्या जगण्यात साधा एक्स-रे कुठे मागे पडला नाही. त्यातलीच दुसरी गोष्ट: ऑपरेशनच्या जागी परत आलेली गाठ बहुतेक वेळा पेशंटच्या स्वतःच्याच आधी लक्षात आली होती. तेव्हा आंघोळ करताना व्रणाच्या आजूबाजूला हात फिरवून बघायची सवय तिला लावा. नवी गाठ, नवी सूज, रात्रीचं दुखणं असं काही असलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

तरी तुमच्या डॉक्टरांनी सीटी लिहिला असेल तर सीटीच करा. मी इथून त्यांचं वेळापत्रक बदलत नाहीये.

निसर्गमित्र_७

किमोने शरीरातलं हाड न् हाड पोकळ होतं हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे एका वैद्यांच्या काढ्याने तीन महिन्यांत गाठ विरघळलेली केस आहे. खालील नंबरवर (प्रतिसाद संपादित)

व्यवस्थापक

फोन नंबर आणि औषधाची जाहिरात काढली आहे. पुन्हा टाकल्यास आयडी बंद होईल.

तुळशीबन

मी इथे लिहिणार नव्हते. वरचा प्रतिसाद वाचून लिहितेय.

माझ्या मुलाला पोटरीच्या हाडाच्या वरच्या टोकाला होता. १७ वर्षांचा. दोन महिने आम्ही हाडवैद्याकडे पट्ट्या बांधल्या, कारण सगळं गाव त्याच्याकडे जातं. मग शहरातल्या एका हॉस्पिटलात पू झालाय म्हणून चिरून खरवडलं. पू नव्हता. पुढे मोठ्या हॉस्पिटलात गेलो तेव्हा तिथले डॉक्टर जुनी चीर बघून बराच वेळ बोललेच नाहीत. आत सगळीकडे पेशी पसरल्या होत्या. मांडीतून पाय काढावा लागला.

दुसऱ्या वर्षी फुफ्फुसात आलं. ऑपरेशन झालं. परत आलं, परत ऑपरेशन. टक्क्यांच्या हिशोबात तो ज्या बाजूला पडायचा त्या बाजूला पडला. पण पहिल्यांदा फुफ्फुसात आलं त्यानंतर तो चार वर्षं होता. त्यात त्याने आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन. आमच्या आळीतल्या अर्ध्या घरांचं वायरिंग त्याच्या हातचं आहे. शिडीवर एका पायाने आणि एका जयपूर फूटने चढायचा, मी खाली उभी राहून शिव्या द्यायचे. जगले की नाही एवढंच विचारतात सगळे, म्हणून हे सांगितलं.

निसर्गमित्र, तुमच्या वैद्यांनी कुणाचे किती महिने खाल्ले ते कधी मोजा.

लोखंडी_गुडघा

तुळशीबन ताई, नमस्कार तुम्हाला.

डॉ_निवांत

ताईंनी जे लिहिलंय त्यातली एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी म्हणून वेगळी लिहितो. हाडाच्या गाठीचा तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायोप्सी, हे जिथे पुढे मोठं ऑपरेशन होणार तिथेच आणि शक्यतो त्याच सर्जनने करावं. सुई ज्या वाटेने गेली ती वाट नंतर गाठीबरोबर काढून टाकायची असते. भलत्या जागी चीर पडली की वाचणारा पाय जातो. वाढत्या वयातल्या मुलाच्या गुडघ्यापाशी किंवा खांद्यापाशी तीन-चार आठवडे दुखणं राहिलं, विशेषतः रात्रीचं, तर आधी एक्स-रे. चोळणं तर अजिबात नको.

टोरांटोकर

इथे कॅनडात हा आजार शाळेतल्या पोरालाही माहीत असतो, टेरी फॉक्समुळे. १९७७ च्या मार्चमध्ये, १८ व्या वर्षी ऑस्टिओसार्कोमा निघाला, उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की तुझी जगण्याची शक्यता ५० टक्के आहे, दोन वर्षांपूर्वी आला असतास तर १५ सांगितली असती. मधल्या काळात औषधं आली होती. हा फरक संशोधनाने पडला हे डोक्यात बसल्यामुळेच तो पैसे जमवायला निघाला. १२ एप्रिल १९८० ला सेंट जॉन्सहून कृत्रिम पायाने धावायला लागला, दिवसाला जवळपास एक मॅरेथॉन. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. थंडर बेजवळ खोकला आणि छातीत दुखणं सुरू झालं. फुफ्फुसात पसरला होता. २८ जून १९८१ ला गेला, तेविसावा वाढदिवस महिन्यावर होता.

त्याच्या नावाने दरवर्षी धावतात. मी मुंबईला असताना तिकडेही बघितली आहे ही दौड.

चहाबाज

तोच आजार, तीच जागा, म्हणजे आज झाला असता तर वाचला असता का?

डॉ_निवांत

कुणास ठाऊक. तेव्हा ५०, आज ७० च्या आसपास, एवढंच सांगता येतं. खरं तर ८० च्या दशकानंतर हा आकडा फारसा हललेलाच नाही, हे आमच्या क्षेत्राचं अपयश आहे. नवीन औषध त्या ताकदीचं आलेलं नाही. जे सुधारलं ते पाय वाचवण्याचं तंत्र. वाढत्या मुलांसाठी लांब करता येणारे सांधे आले. हाड काढून, त्याला बाहेर किरणं देऊन तेच परत बसवतात. टाटाने देशात बनवून घेतलेला सांधा वापरात आणला, त्याने खर्च खूप उतरला.

पाटावरवंटा

थोडं अवांतर. माझ्या सासऱ्यांनाही हाडाचा कॅन्सर सांगितलाय, वय ७४, मणक्यात. वर लिहिलंय ते सगळं त्यांना लागू आहे का? त्यांना तर ऑपरेशन नाही सांगितलं, इंजेक्शनं चालू आहेत.

डॉ_निवांत

सुरुवात कुठे झाली ते विचारून घ्या. त्या वयात हाडात दिसणारा कॅन्सर बहुतेक वेळा दुसरीकडून आलेला असतो, पुरुषांत प्रोस्टेट, फुफ्फुस, बायकांत स्तन. नाहीतर मायलोमा, म्हणजे हाडातल्या मज्जेचा कॅन्सर. त्याचे उपचार त्या मूळ आजाराचे, टक्केही त्याचेच. या धाग्यातला एकही आकडा त्यांना लावू नका.

पाटावरवंटा

प्रोस्टेटच आहे. बरं झालं विचारलं, नवरा हा धागा वाचून गेले दोन तास सुन्न बसलाय.

कोकमसरबत

मूळ हाडाचेही प्रकार वेगळे असतात हे जोडतो. मला कॉन्ड्रोसार्कोमा (कूर्चेचा कॅन्सर) होता, कंबरेच्या हाडात, ४९ व्या वर्षी. याला किमो जवळजवळ लागू पडत नाही. ऑपरेशनने निघाला तर निघाला. कमी दर्जाचा असेल (माझा पहिल्या ग्रेडचा होता) तर दहातले नऊ जण पाच वर्षांनी ठणठणीत, तिसऱ्या ग्रेडचा असेल तर चित्र एकदम पालटतं. पण तो सावकाश वाढतो, त्यामुळे दहा वर्षांनीही परत येऊ शकतो. आमच्यात 'पाच वर्षं झाली, सुटलो' असं कुणी म्हणत नाही. मी वर्षाला एकदा एमआरआय करतो आणि त्या आठवड्यात बायकोशी भांडतो, हे दोन्ही ठरलेलं आहे.

शेजारच्या मुलीला युइंग सार्कोमा होता, हाही हाडाचाच एक कॅन्सर. त्याला किमो आणि किरणं दोन्ही लागू पडतात. तिला ऑपरेशनऐवजी किरणंच दिली, आज कॉलेजात आहे.

आडवाटेने

सगळे पहिल्या पाच वर्षांबद्दल बोलताहेत, मी नंतरच्या वीसांबद्दल लिहिते. डाव्या खांद्याचा ऑस्टिओसार्कोमा, १९९९, तेव्हा मी १७ ची. आज मुलगी दहावीला आहे. हात खांद्याच्या वर जात नाही. पोळ्या लाटते, गाडी चालवते, माळ्यावरचे डबे नवरा काढतो. केस मागे बांधायला एका हाताने शिकायला वेळ लागला.

मामा, पाच वर्षांनंतर लक्ष द्यायची जागा बदलते. आधी फुफ्फुसं, नंतर हृदय, कान, मूत्रपिंड. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, हृदयाच्या स्नायूवर परिणाम करतं आणि तो दहा-वीस वर्षांनीही उगवतो. एकूण किती मिळालं त्यावर धोका ठरतो. अंगाच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅमच्या वर गेलेल्यांनी दर दोन वर्षांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा असं सांगतात, आणि या आजारात बहुतेकांचा डोस त्याच्या वरच जातो, ४५० पर्यंत. मला काही त्रास नव्हता. पहिल्या बाळंतपणाआधी एका शहाण्या गायनॅकने जुनं कार्ड बघून इको करून घेतला तर हृदयाचं पंपिंग ५० टक्क्यांच्या खाली आलेलं. गोळ्या सुरू झाल्या, बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलात केलं, सगळं नीट झालं. ते कार्ड नसतं तर कुणालाच कळलं नसतं.

सिस्प्लॅटिनने बारीक, उंच आवाज जातात. बोलणं सगळं ऐकू येतं, त्यामुळे आपल्याला कळतच नाही. मला कधी कळलं तर मुलीला ताप होता, मी थर्मामीटर लावून बसले, बसले, आणि ती म्हणते आई कधीचा वाजतोय. दर वेळी असंच. पोटरीत गोळे यायचे ते मॅग्नेशियम कमी पडल्यामुळे. आयफॉस्फामाइडचा परिणाम मूत्रपिंडावर आणि पुढे मूल होण्यावर होऊ शकतो. मुलग्यांचे आईबाप हे वाचत असतील तर किमो सुरू व्हायच्या आधी वीर्य साठवण्याबद्दल विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो, आणि कुणी आपणहून सांगेलच असं नाही, सगळे गडबडीत असतात.

म्हणून आत्ताच, फाईल ताजी असताना, एका पानावर लिहून घ्या: आजाराचं पूर्ण नाव, बाजू, प्रत्येक औषधाचा एकूण डोस, नेक्रोसिस, ऑपरेशनची तारीख, सांध्याच्या डब्यावरचा स्टिकर. सही-शिक्का घ्या. फोटो काढून तिच्या स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, आईच्या नाही. वीस वर्षांनी दुसऱ्याच गावातल्या डॉक्टरसमोर तीच बसणार आहे. टाटामध्ये लहानपणी उपचार झालेल्यांसाठी १९९१ पासून वेगळी 'उपचारोत्तर' ओपीडी आहे, एसीटी क्लिनिक. मुंबईत 'उगम' नावाचा बरे झालेल्या मुलांचा गट आहे, इंडियन कॅन्सर सोसायटीचा. तिच्या वयाच्या, त्याच वाटेने गेलेल्या पोरी तिथे भेटतील.

लग्नाचं विचारलं नाहीत, पण ताईच्या मनात असणारच. मी प्रत्येक स्थळाला पहिल्या भेटीत सांगितलं. बरीच गेली. एक राहिला.

हळदबाजार

ताई, खरंच ताईच्या मनात तेच होतं. तिने आज पहिल्यांदा माझ्या फोनवरून पूर्ण धागा वाचला. तुळशीबन ताईंचाही. वाचून उठून आत नाही गेली. "इको कधी करायचा ते पुढच्या तारखेला विचार," एवढंच म्हणाली.

तपासणीला दर तीन महिन्यांनी मिरजेहून मुंबई. येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च कसा भागवता तुम्ही लोक?

लोखंडी_गुडघा

रेल्वेची सवलत घेता ना? कॅन्सर पेशंटला उपचाराला किंवा तपासणीला जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं पूर्ण माफ, बरोबरच्या एकाला ७५ टक्के. हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यायचा. महालक्ष्मीने रात्री निघायचं, सकाळी मुंबईत. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळला नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडे हॉस्पिटलची कागदपत्रं लागतात आणि जागा मिळेलच असं नाही, आधी फोन करा. पुढे सांध्याची दुरुस्ती निघाली तर महात्मा फुले योजनेत बसते का ते त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. माझ्या वेळी काहीच नव्हतं, वडिलांनी अर्धा एकर काढला.

हळदबाजार

सवलतीचं माहीत होतं, पण ती फक्त किमो चालू असतानाच असते असं कुणीतरी सांगितलेलं. आता घेतो.

भाचीशी बोललो. ६०-७० टक्के कुणीच जगत नाही हे तिला पटलं. लगेच पुढचा प्रश्न: "मग डॉक्टरकाकांना विचार, नीटच्या फॉर्ममध्ये मी दिव्यांगमध्ये भरू शकते का?" पाय दिसायला धडधाकट आहे, कुणी मानेल का?

लोखंडी_गुडघा

दिसण्यावर नसतं. युडीआयडीसाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करा, सिव्हिल हॉस्पिटलचा बोर्ड बोलावतो. गुडघा किती वाकतो, किती सरळ होतो, ताकद किती, पाय आखूड आहे का, हे मोजून टक्के देतात. ४० किंवा त्याच्या वर आले तरच शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण. वैद्यकीय प्रवेशाला त्याच्यावर आणखी वेगळी तपासणी असते. सगळ्यांना ४० मिळतातच असं नाही, माझ्या ओळखीत दोघांना कमी आले. मला मिळाले आणि बँकेची परीक्षा त्याच्यावरच दिली. जाताना मूळ डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि ताजा एक्स-रे न्या, नुसत्या झेरॉक्सवर परत पाठवतात. आणि तिला सैल सलवार घालून न्या, गुडघ्याच्या वरपर्यंत बघतात.

हळदबाजार

सोमवारी अर्ज भरतो.